डिफरन्शियलचं ऑईल गाळून परत घालायचं का?

खानापूर-जांबोटी रस्त्याला माझं गॅरेज आहे. डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधोमध चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, हाऊसिंग (बाहेरचं कवच) खोललं की गिऱ्हाईक आधी ट्रेमधल्या ऑईलकडं बघतंय आणि मग माझ्याकडं. "मिस्त्री, हे गाळून परत घातलं तर चालतंय की न्हाई?" हुक्केरीकडचा माणूस असला तर "हळी एण्णी नडीतैतेन्री?" भाषा दोन, प्रश्न एकच. त्यांचंही चुकत नाही. क्राऊन-पिनियनचा जोड (एकमेकांत बसणारा मोठा आणि लहान गिअर), बेअरिंगं, सील, मजुरी असं करत बिल हजारांत गेलेलं असतंय, मग दोन लिटर ऑईलचे शेकडे तरी वाचवूया असं वाटतंय.

नवा क्राऊन-पिनियन किंवा बेअरिंग बसवताना जुनं ऑईल परत घालायचं नाही. मालकानं कितीही गळ घातली तरी नाही. हे मी पदरचे पैसे घालून शिकलोय.

उस्तादांकडून सुटून स्वतःचं गॅरेज टाकलं, त्या पहिल्याच वर्षी एक वडापची कमांडर जीप आली. "घरघर आवाज येऊलालाय," म्हणाला मालक. खोलून बघतो तर पिनियनचे दोन दात टवके उडालेले. नवा जोड आणला. ऑईल मात्र महिन्याभरापूर्वीच बदललेलं, दिसायलाही सोनेरी. मालक म्हणाला, गाळून घाल. मी धोतराचा जुना धडपा दुहेरी करून गाळलं. धडप्यावर जोंधळ्याच्या कण्यांएवढे तुकडे राहिले. ते बघून माझीही खात्री पटली की आता खाली पडलं ते स्वच्छ. दोन महिन्यांत जीप परत दारात. पिनियनच्या बेअरिंगच्या रोलरांवर देवीचे वण असावेत तसे खड्डे, आणि नव्या क्राऊनच्या दातांवर ओरखडे. बेअरिंगचा खर्च मी सोसला. नव्या जोडाचा अर्धा मालकानं दिला, तेही आठ दिवस तोंड वाकडं करून.

उस्तादांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत. माझ्याच गाळलेल्या ऑईलचा उरलेला थेंब स्टीलच्या ताटलीवर टाकला आणि उन्हात तिरका धरला. थेंबात चंदेरी झाक हलत होती. तो सगळा लोखंडाचा पिठासारखा चुरा. धडप्यात अडकले ते तुकडे. चुरा त्यातून आरपार गेला होता.

बेअरिंगचा रोलर आणि त्याची वाटी यांच्यामध्ये ऑईलचा जो पडदा असतो तो एखाद्या मायक्रॉनचा, बऱ्याचदा त्याहूनही पातळ. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा त्या पडद्यापेक्षा मोठा असतो आणि प्रत्येक फेऱ्याला नव्या पोलादात रुततो. इंजिनला निदान फिल्टर असतोय. आमच्याकडच्या जीप, पिकअपच्या डिफरन्शियलला तोही नाही. आत गेलेली घाण पुढच्या ऑईल बदलीपर्यंत आतच घुसळत राहते.

दुसरं कारण वासाचं. गिअर ऑईलला जो गंधकाचा उग्र वास येतो, तो उगाच नाही. बहुतेक जीप-पिकअपमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतंय. याला हायपॉईड म्हणतात. त्यामुळं दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरण्याच्या दाबाखाली साधं ऑईल पिळून बाहेर निघून जातं. तिथं गंधक-फॉस्फरसची रसायनं तापलेल्या धातूवर थर धरतात आणि दात वाचवतात. ही रसायनं वापरात खर्च होतात. नव्या जोडाला त्यांची गरज सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांत असते, कारण दातांवरचे बारीक उंचवटे एकमेकांना घासून बसत असतात.

मग परत घालायचं कधीच नाही का? घालतो की. फक्त एक्सलचं सील गळतंय म्हणून ऑईल काढावं लागलं, ते थोड्या दिवसांपूर्वीच बदललेलं आहे, धुतलेल्या ट्रेमध्ये घेतलंय आणि उन्हातल्या थेंबात झाक नाही, तर खुशाल घालतो. पण करपका वास असला, किंवा दूध घातलेल्या चहासारखा रंग आला असला, तर सीलच्या कामालाही नवंच. तो चहाचा रंग आमच्या भागात पावसाळ्यात फार. कणकुंबीकडच्या पावसात ओढ्यातून गाडी घालतात. तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, आणि वरची ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायची, नळी चिखलानं बुजलेली असली तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

आता काम. ड्रेनच्या (ऑईल काढायच्या) बोल्टाआधी फिलरचा, म्हणजे ऑईल भरायचा, बोल्ट सुटतोय का ते बघा. ऑईल सांडून टाकलं आणि फिलरचा बोल्ट गोल झाला, तर गाडी तिथंच अडकली. दहाएक किलोमीटर फिरवून कोमट असताना ऑईल काढा, गाळ त्याच्याबरोबर निघतो. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदला. दोघांवर जोडीचा नंबर कोरलेला असतो, तो जुळवून घ्या.

पुढचं काम कंटाळवाणं आणि लोक तिथंच चोरी करतात. नवं ऑईल आणलं तरी हाऊसिंगच्या तळाला आणि एक्सलच्या नळ्यांमध्ये जुन्या दातांचा चुरा बसलेला असतोय. तो तसाच ठेवला तर नवं ऑईल पहिल्या किलोमीटरलाच जुनं झालं. सळईला कापड गुंडाळून डिझेलनं नळ्या दोन-तीनदा पुसायच्या, शेवटचं कापड पांढरं निघेपर्यंत. हवा मारून वाळवायचं. कापडाचे धागे आत राहू द्यायचे नाहीत. ब्रीदर तारेनं साफ. ड्रेन बोल्टला चुंबक असला तर तो पुसून काढायचा.

बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी फट, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेवा आणि डायल गेजनं मोजा. हातानं हलवून "बरोबर आहे" म्हणणारे मिस्त्री मी खूप बघितलेत, त्यांच्याकडून परत आलेल्या गाड्याही. दातांचा ठसा बघायला मी अजून शेंदूरच तेलात कालवून लावतो. ठसा दाताच्या मधोमध यायला पाहिजे, टोकाला नको. शेंदूर म्हणजे शिसं, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

ऑईल पुस्तिकेत लिहिलंय त्याच नंबरचं. बहुतेक हायपॉईडला जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑईलचा दर्जा) लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतायची घाई नको, तिथल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ ऑईल मानवत नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी तर इथलं काहीच आपल्याला लावून घेऊ नये. त्यांच्यात गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि बऱ्याचदा तेलातले ब्रेक एकाच ऑईलवर चालतात, त्याचं ऑईल वेगळं.

गाडी सपाट जागेवर उभी करून फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. जास्त भरलं तर फेस होतो आणि सीलमधून ब्रेक लायनरवर उतरतं. थोडं फिरवून पातळी पुन्हा बघा, नळ्यांमध्ये शिरलेलं तेवढं कमी होतंय.

पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी गाडी सावकाश चालवा. मग उभी करून हाऊसिंगला हात टेकवता येईल इतकी गार होऊ द्या. पहिले ८०० किलोमीटर भरलेली गाडी चोर्ल्याला किंवा तवंदी घाटाला घालू नका. ८०० झाले की हे नवं ऑईलसुद्धा काढून टाका. इथं गिऱ्हाईक हटकून भांडतंय: "नवीन घातलंय न्हवं, परत कशाला?" तेव्हा मी त्याला चुंबक दाखवतो. त्यावर निपाणीच्या तपकिरीसारखी चिमूटभर मऊ करडी पूड असेल तर जोड बसला, काळजी नाही. बोटाला टोचणारी कणी लागली तर हाऊसिंग परत खोलायचं.

काढलेलं ऑईल मी पिंपात साठवतो आणि परवाना असलेल्या खरेदीदाराला देतो. गॅरेजच्या मागचा ओढा मलप्रभेला जाऊन मिळतो, आणि खालच्या गावांत तेच पाणी घागरीत येतंय.