नेक्स्ट जेएसवर वैतागलाय? मग या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात चहा आला की एकच विषय निघतो: आम्ही साइट ज्यावर बांधतो ते नेक्स्ट जेएस, म्हणजे रिअ‍ॅक्ट लायब्ररीवरचं फ्रेमवर्क, नेमकं चाललंय कुठं? ऑक्टोबर २०२२ मध्ये १३ व्या आवृत्तीत अ‍ॅप राउटर (पानं मांडायची नवी पद्धत) आला, मे २०२३ मध्ये तो वापरायला पक्का म्हणून जाहीर झाला, ऑक्टोबर २०२४ च्या १५ व्या आवृत्तीत कॅशिंगचे (एकदा आणलेलं साठवून परत वापरण्याचे) डीफॉल्ट, म्हणजे न सांगता लागू होणारे नियम, उलटे झाले आणि १६ व्या आवृत्तीत पुन्हा नवी पद्धत आली. शिकलेलं पुसा, परत गिरवा. हा वैताग मला रास्त वाटतो. पण त्या वैतागात आणि घाईत आम्ही केलेल्या चुका जास्त महागात पडल्या.

सगळ्यात महाग चूक म्हणजे डीफॉल्टवर विसंबणं. मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यांची साइट आम्ही अ‍ॅप राउटरवर नेली. सौदे झाले की काका दर भरणार, ते पानावर दिसणार, एवढंच काम. लॅपटॉपवर सगळं चोख चाललं. लाइव्ह केल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन आला, "अहो, दर भरून तास झाला, साइटवर कालचाच दिसतोय की! शेतकरी मला विचारायला लागलेत." डेटाबेसमध्ये दर बरोबर होता. पान मात्र बिल्डच्या वेळी (लाइव्ह करण्याआधी कोडमधून साइट तयार करताना) एकदा तयार होऊन तसंच गोठलं होतं.

ते पान कुकी वाचत नव्हतं, हेडर (ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो ती माहिती) वाचत नव्हतं. दर थेट डेटाबेसमधून घेत होतं. अशा पानाला फ्रेमवर्क स्थिर समजतं, म्हणजे एकदा बनवलेली प्रतच सगळ्यांना देतं. डेव्ह मोडमध्ये (कोड लिहिताना आपल्या मशीनवर) पान दर वेळी नव्यानं बनतं, म्हणून ही चूक तिथं कधीच सापडत नाही. बिल्ड केल्यावर टर्मिनलवर पानांची यादी येते, ती वाचा. नावाआधी पोकळ वर्तुळ दिसलं तर ते पान स्थिर आहे. मग तोच बिल्ड आपल्या मशीनवर चालवा, डेटाबेसमधला एक आकडा बदला आणि रिफ्रेश करा.

"१५ वर गेलो की सुटलो" असं बरेच जण समजतात. तसं नाही. १५ मध्ये फेचचं (डेटा मागवणाऱ्या फंक्शनचं) उत्तर आपोआप कॅश होत नाही, पण पान स्थिर ठरवण्याचा नियम राहतोच. म्हणून काय हवं ते पानाच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहा. रिव्हॅलिडेट (किती सेकंदांनी पान नव्यानं बनवायचं) ६० ठेवलं तर मिनिटानंतर येणाऱ्या पहिल्या माणसाला जुनाच दर दिसतो, नवा दिसतो त्याच्यानंतरच्याला. गुळाच्या दराला हे चालणार नव्हतं, आम्ही फोर्स-डायनॅमिक लावलं, म्हणजे पान दर वेळी नव्यानं बनतं. १६ मध्ये कॅश कॉम्पोनंट्स ही नवी पद्धत सुरू केली असेल तर हे दोन्ही पर्याय चालत नाहीत. तिथं जे साठवायचं त्यालाच यूज कॅश लिहावं लागतं.

दुसरी चूक तुम्हीही केली असेल. यूजस्टेटची (पानावरची बदलती माहिती, म्हणजे स्टेट, धरून ठेवणाऱ्या रिअ‍ॅक्टच्या फंक्शनची) एरर आली की फाइलच्या डोक्यावर यूज क्लायंट, म्हणजे हा कोड ब्राउझरकडेही पाठवा ही सूचना, चिकटवायचं. मग त्या फाइलनं इम्पोर्ट केलेलं सगळं ब्राउझरकडे जातं. बटणाला स्टेट हवी असेल तर बटणच वेगळ्या फाइलमध्ये काढा. आणि क्लायंट कॉम्पोनंटही (यूज क्लायंट लिहिलेला पानाचा तुकडा) पहिल्यांदा सर्व्हरवर रेंडर होतो. विंडो (ही फक्त ब्राउझरमध्ये असते) सापडत नाही ही एरर त्यामुळंच येते.

"आता अपडेटच नको" हा राग मात्र धोक्याचा आहे. मार्च २०२५ मध्ये मिडलवेअरमधली (पानाआधी चालणाऱ्या कोडमधली) लॉगिनची तपासणी एका हेडरनं चुकवता येते हे उघड झालं. डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कॉम्पोनंट्समध्ये तर बाहेरच्याला सर्व्हरवर कोड चालवता येईल अशी त्रुटी निघाली. मोठी आवृत्ती लांबणीवर टाका, सुरक्षेचा पॅच त्याच दिवशी लावा. आणि लॉगिन मिडलवेअरवर न सोडता जिथं डेटा वाचता तिथंच तपासा.

फ्रेमवर्क बदलण्याआधी थोडं मागं बघा. अँग्युलर जेएस या दुसऱ्या फ्रेमवर्कचा पाठिंबा २०२१ अखेर संपला, व्ह्यू २ चा २०२३ अखेर. तिथल्या लोकांनीही हेच भोगलंय. त्यामानानं इथं सवड आहे: जुना पेजेस राउटर आणि अ‍ॅप राउटर एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात, एकेक पान हलवता येतं. काकांची पट्ट्यांची (शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबाची) पानं अजून पेजेस राउटरवरच आहेत. ती हलवायचं कारण आम्हाला अजून सापडलेलं नाही.