पुस्तक किंवा गेम किती खपला: विक्रीचा आकडा कसा वाचावा

पुस्तकाच्या जाहिरातीत ‘एक लाख प्रती’ लिहिलेले असते आणि गेमच्या जाहिरातीत ‘वीस लाख खेळाडू’. हे आकडे बहुधा खोटे नसतात. ते नेमके कशाचे आहेत, कुठे मोजले आणि किती दिवसांचे आहेत, एवढेच सांगितलेले नसते. पुढची आवृत्ती किती प्रतींची काढायची, पुढच्या गेमवर किती खर्च करायचा, मागितलेला अ‍ॅडव्हान्स (रॉयल्टीतून, म्हणजे प्रतीमागच्या मानधनातून, पुढे वळती होणारी आगाऊ रक्कम) परवडेल का, हे ज्यांना ठरवायचे असते त्यांचे मोघम आकड्याने भागत नाही. असा आकडा उलगडायची पद्धत पुढे दिली आहे. लेखक, छोटे प्रकाशक आणि छोटे गेम स्टुडिओ यांना ती थोड्याफार फरकाने सारखीच लागू पडते.

आधी विचारा: कशाचा आकडा?

छापील पुस्तकाबाबत ‘विकल्या’ हा शब्द चार वेगळ्या संख्यांसाठी वापरला जातो: छापलेल्या प्रती, वितरकाकडे वा दुकानांकडे रवाना झालेल्या प्रती, गिऱ्हाइकाने पैसे मोजून नेलेल्या प्रती, आणि रवाना झालेल्यांतून परत आलेल्या वजा केल्यावर उरणाऱ्या निव्वळ प्रती. पहिल्या दोन संख्या नेहमी मोठ्या असतात आणि जाहिरातीत त्याच येतात. तुमचा निर्णय मात्र शेवटच्या दोनांवर अवलंबून असतो. ‘पाचवी आवृत्ती’ हेही प्रमाण नव्हे. आवृत्ती ३०० प्रतींची असू शकते तशी ५,००० प्रतींचीही, म्हणून आवृत्ती ऐकली की प्रतिसंख्या विचारायची.

गेमच्या बाबतीत गुंता थोडा वाढतो. डबाबंद गेम दुकानाला विकला की अनेक कंपन्या तो विकला गेला असे धरतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ काढणारी टेक-टू कंपनी तिच्या निवेदनांत दुकानांना आणि प्लॅटफॉर्मना विकलेल्या नगांचाच आकडा देते. डिजिटल विक्रीत दुकानाची पायरी नसते, त्यामुळे तिथे हा फरक जवळजवळ मिटतो. पण दुसरे शब्द येतात: डाउनलोड, खेळाडू, मालक, मासिक सक्रिय वापरकर्ते. सबस्क्रिप्शनमधून गेम एकदा उघडून बंद करणाराही ‘खेळाडू’ असतो. मोफत वाटपात खात्यात जमा करून ठेवणारा ‘मालक’ होतो. यांपैकी कोणीही गेमची किंमत मोजलेली नसते. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या ऑक्टोबरात एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीचे नग जाहीर करणे थांबवले आणि सक्रिय वापरकर्त्यांवर भर दिला. कंपनी असे एकक बदलते, तेव्हा जुना आणि नवा आकडा एकाच आलेखावर मांडू नये.

रवाना आणि विक्री यांची गल्लत किती महाग पडते हे अटारी या अमेरिकन गेम कंपनीच्या उदाहरणात दिसते. १९८२ मध्ये एका गाजलेल्या चित्रपटावर काही आठवड्यांत गेम तयार करून कंपनीने लाखो कार्ट्रिज (गेम साठवलेल्या डब्या) बनवली आणि दुकानांनी ती भरूनही घेतली. अपेक्षेएवढे गिऱ्हाईक आले नाही आणि बराच माल परत आला. न खपलेल्या साठ्याचा काही भाग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचरा भरावात पुरला गेला. २०१४ मध्ये खोदकाम झाले तेव्हा त्यातली कार्ट्रिज बाहेर निघाली. माल रवाना झाला म्हणजे तो खपला असे होत नाही.

मोजणारा काय पाहतो आणि काय पाहत नाही

अमेरिकेत छापील पुस्तकांसाठी बुकस्कॅन ही सेवा २००१ पासून चालते. ती दुकानांच्या गल्ल्यावरची नोंद आयएसबीएनप्रमाणे (पुस्तकाच्या ओळखक्रमांकाप्रमाणे) गोळा करते. ई-पुस्तके, ग्रंथालयांची खरेदी आणि लेखकाने कार्यक्रमात हातोहात विकलेल्या प्रती त्यात धरल्या जात नाहीत. शिवाय पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांचे आयएसबीएन वेगळे असतात. एकाच आयएसबीएनचा आकडा म्हणजे पुस्तकाचा संपूर्ण खप समजल्याने उत्तम चाललेले पुस्तक पडल्यासारखे वाटू शकते. म्हणून सर्व बांधण्यांचे आकडे आधी एकत्र करा आणि ई-पुस्तके व ध्वनिपुस्तके वेगळ्या रकान्यात ठेवा.

बेस्टसेलर याद्या क्रम सांगतात, प्रती सांगत नाहीत. शांत आठवड्यात थोड्या प्रतींवरही वरचा क्रमांक मिळतो आणि सणासुदीच्या गर्दीत कितीतरी जास्त खपूनही पुस्तक यादीबाहेर राहते. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकापुढे कट्यारीच्या आकाराची खूण असते, ती जरूर पाहावी. अ‍ॅमेझॉनवरचा क्रमांकही सापेक्ष असतो आणि वारंवार बदलतो. एखाद्या अरुंद उपविभागात दिवसभरात मोजक्या प्रती गेल्या तरी पुस्तक पहिले येते, आणि त्या तासाचा स्क्रीनशॉट मग वर्षभर फिरतो. क्रमांक वापरायचाच असेल तर महिनाभर रोज ठरावीक वेळी टिपून मधला आकडा घ्यावा.

गेमच्या क्षेत्रात दुसऱ्याची विक्री बाहेरून कळणे अवघड असते. स्टीम या ऑनलाइन गेमदुकानातल्या सार्वजनिक प्रोफाइलांचा नमुना घेऊन अंदाज देणारी स्टीमस्पाय ही सेवा २०१५ मध्ये आली. २०१८ च्या एप्रिलमध्ये स्टीमने खातेदारांची गेमयादी आपोआप खासगी केली आणि त्या अंदाजांचा पाया खचला. तेव्हापासून बहुतेक लोक रिव्ह्यूंच्या संख्येवरून हिशेब करतात: रिव्ह्यूंची संख्या गुणिले एक ठरावीक गुणक. पूर्वी हा गुणक ५० ते ८० धरला जाई, आता ३० च्या आसपास धरतात, पण गेमगणिक तो २० ते ६० पर्यंत हलतो. म्हणजे ४०० रिव्ह्यू असलेला गेम ८,००० प्रतींचाही असू शकतो आणि २४,०००चाही. दोन्ही टोके लिहून ठेवा. मधला एकच आकडा उचलून त्यावर बजेट बांधणे ही या धंद्यातली फार नेहमीची आणि फार नुकसान करणारी सवय आहे. फुकट वाटलेल्या कीजवरून (गेम खात्यात जमा करायच्या संकेतांकांवरून) आलेले रिव्ह्यू धरू नका. ज्या गेमवर चाहते तावातावाने भांडतात तिथे गुणक खाली येतो, कारण विकत घेणाऱ्यांतले जास्त लोक लिहितात. एकट्याने शांतपणे खेळायच्या साध्या गेममध्ये तो वर जातो.

काळ आणि वाटणी

पहिल्या आठवड्याचा आकडा पूर्वनोंदणी, जाहिरात आणि ओळखीचे वर्तुळ यांचा मिळून असतो. वस्तू कशी आहे हे त्यातून फारसे कळत नाही. ते कळते दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. दर आठवड्याचा खप आधीच्या आठवड्याने भागून बघा. हे गुणोत्तर सलग ०.५ च्या खाली असेल तर गाडी पहिल्या धक्क्यावरच चालली होती. ते ०.८ च्या आसपास स्थिरावले तर एकाचे ऐकून दुसरा घेतो आहे असे समजायला जागा आहे, आणि फेरछपाईचा विचार तेव्हा करावा. गेममध्ये सेल लागला की मोठा उंचवटा दिसतो. तो आठवडा बाजूला काढून उरलेली रेघ पाहा.

तुलना सरासरीशी करू नका, कारण या दोन्ही बाजारांत मूठभर नावे सरासरी वर ओढतात. २०२२ मध्ये बुकस्कॅनच्या विश्लेषकाने अमेरिकेतल्या दहा मोठ्या प्रकाशकांच्या ४५,५७१ पुस्तकांची ५२ आठवड्यांतली वाटणी मांडली होती. एक लाखाच्या वर गेलेली पुस्तके होती फक्त ०.४ टक्के. निम्म्याहून किंचित जास्त पुस्तके १२ ते ९९९ प्रतींच्या टप्प्यात होती आणि जवळजवळ १५ टक्के पुस्तकांच्या बारा प्रतीही गेल्या नव्हत्या. लक्षात घ्या, यांत मोठ्या, अनुभवी प्रकाशकांचीच पुस्तके आहेत. तेव्हा पहिल्या वर्षात ९०० छापील प्रती खपलेल्या लेखकाने स्वतःला अपयशी समजण्याचे कारण नाही. तो बहुसंख्यांच्या टप्प्यातच आहे, आणि त्यातही वरच्या टोकाला. तुलनेसाठी त्याच विषयाची, त्याच किमतीची, गेल्या दोन-तीन वर्षांतली आठ-दहा पुस्तके किंवा गेम निवडा. त्यांना क्रमाने लावून मधले कोणते ते पाहा.

प्रतींचे पैसे करा

आता खरा हिशेब. पुस्तकाची छापील किंमत १०० धरू. दुकान आणि वितरक मिळून ४५ ठेवतात, प्रकाशकाला ५५ मिळतात. प्रतीमागे छपाई १८, गोदाम व वाहतूक ७, रॉयल्टी १०. वरवर पाहता प्रतीमागे २० उरतात. संपादन, मांडणी, मुखपृष्ठ आणि जाहिरात यांचा एकदाचा खर्च ४०,०००. म्हणजे २,००० प्रतींत खर्च निघेल असे वाटते.

प्रत्यक्षात ५,००० प्रती छापल्या, लेखकाला ३०,००० अ‍ॅडव्हान्स दिला, ४,००० प्रती रवाना झाल्या आणि १,२०० परत आल्या. निव्वळ खप २,८००. वरच्या पद्धतीने १६,००० नफा दिसतो. पण छपाईचे पैसे ५,००० प्रतींचे गेले आहेत, म्हणजे ९०,०००. त्यात ४०,००० आणि अ‍ॅडव्हान्सचे ३०,००० मिळवले की एकूण खर्च १,६०,००० होतो. हाती आले ते २,८०० गुणिले ४८ (५५ वजा गोदाम व वाहतुकीचे ७), म्हणजे १,३४,४००. तोटा २५,६००. फरक कुठून आला? न खपलेल्या २,२०० प्रतींची छपाई ३९,६००, आणि वसूल न झालेला अ‍ॅडव्हान्स २,०००. या पुस्तकाचा खर्च ३,४२२व्या प्रतीला निघतो, कारण ३,००० प्रतींनंतर पुन्हा प्रतीमागे १० रॉयल्टी द्यावी लागते. तेच पुस्तक आधी ३,००० छापले असते तर छपाईचे ३६,००० वाचले असते आणि एवढ्याच खपावर ते फायद्यात गेले असते. पुस्तकाचा तोटा पुष्कळदा वाचकांच्या संख्येत नसून पहिल्या आवृत्तीच्या आकारात असतो, आणि तो आकार प्रकाशकाच्या हातात असतो.

लेखकाने रॉयल्टीच्या पत्रकात चार ओळी शोधाव्यात: एकूण रवाना, परत आलेल्या, परताव्यापोटी राखून ठेवलेली रक्कम, आणि जास्त सवलतीत गेलेल्या प्रती. राखीव रकमेमुळे पहिल्या पत्रकात खप कमी दिसतो आणि ती सुटली की पुढच्यात अचानक वाढतो. त्या वाढीला मागणी समजू नका. जास्त सवलतीच्या प्रतींवर करारानुसार कमी दराने रॉयल्टी मिळत असेल तर प्रती वाढूनही पैसे तेवढेच राहतात. तो दर करारात कोणत्या सवलतीपासून लागू होतो हे सही करण्याआधी पाहायचे असते.

गेमचेही असेच करा. किंमत १०० आणि १०,००० प्रती, म्हणजे दहा लाख असे मनात येते. पण सेल आणि देशोदेशीच्या कमी किमती धरून सरासरी ६० मिळतात असे समजा: ६,००,०००. त्यातले १० टक्के रिफंड गेले: ५,४०,०००. उरलेल्यातून १० टक्के कर: ४,८६,०००. स्टोअरचा वाटा ३० टक्के: ३,४०,२००. गेम प्रकाशकामार्फत काढला असेल आणि त्याचा वाटा ३० टक्के असेल तर स्टुडिओच्या हाती २,३८,१४०, म्हणजे मनातल्या दहा लाखांचा चौथा हिस्साही नाही. स्टीमचा वाटा विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेल्यावर २५ आणि पाच कोटींच्या वर गेल्यावर २० टक्के होतो. छोट्या स्टुडिओने ३० टक्केच धरावे. तुमच्या देशातला कराचा दर आणि तुमच्या गेमचा खरा रिफंड दर घालून ही साखळी पुन्हा करा.

हा आकडा मग खर्चापुढे ठेवा. २०१३ मध्ये स्क्वेअर एनिक्सच्या एका मोठ्या साहसी गेमच्या पहिल्या चार आठवड्यांत ३४ लाख प्रती गेल्या आणि तरी कंपनीने विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगितले, कारण तिचा अंदाज पन्नास-साठ लाखांचा होता. चार माणसांच्या स्टुडिओला त्याचा शंभरावा हिस्साही काही वर्षे पुरला असता.

खपात न दिसणारे

विक्री ही विकत घेण्याची नोंद असते, वाचण्याची वा खेळण्याची नव्हे. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून रिफंड मागता येतो, म्हणून रिफंडचे प्रमाण सुरुवातीच्या दोन तासांबद्दल थेट बोलते. स्टोअरच्या पानावर जे कबूल केले ते आत दिसले नाही की ते वाढते. अचिव्हमेंटची, म्हणजे गेममधला ठरावीक टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या खुणेची, टक्केवारी सार्वजनिक असते. पहिल्या धड्यानंतरची अचिव्हमेंट ९० टक्क्यांना आणि लगेच पुढची ४५ टक्क्यांना मिळाली असेल तर गळती त्या दोघींच्या मध्ये आहे. जाहिरात वाढवण्याआधी तो भाग दुरुस्त करा. पुस्तकाला एवढी नजर मिळत नाही. किंडल अनलिमिटेड या मासिक वर्गणीच्या ई-पुस्तक सेवेत असलेल्या पुस्तकांना २०१५ पासून वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, तेव्हा वाचलेली पाने भागिले पुस्तकाची पाने केल्यावर पूर्ण वाचनांएवढी संख्या हाती येते. छापील पुस्तकासाठी ग्रंथालयातली मागणी आणि एकाच दुकानाने पुन्हा मागवलेल्या प्रती हीच उत्तम खूण. दुकानदार पहिल्यांदा प्रकाशकाच्या शब्दावर माल घेतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या.

नोंदवही ठेवायची तर महिन्याला एक ओळ पुरते: रवाना, परत किंवा रिफंड, निव्वळ, त्यांपैकी पूर्ण किमतीला गेलेल्या, सवलतीत गेलेल्या, फुकट दिलेल्या, हाती आलेली रक्कम, आणि खर्च निघायला अजून किती प्रती हव्यात. पुस्तकाच्या परताव्याची मुदत संपेपर्यंत ‘निव्वळ’च्या रकान्यात पेन्सिलनेच लिहा, आणि फेरछपाईची मागणी आली तर आधी दुकानांत पडून असलेल्या प्रती मोजून घ्या.