नवं तट्टू गाडीला जुंपताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातून तट्टू आणायचं आणि तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या पहिल्याच तिथीला ते बग्गीला जुंपून वरात काढायची, असं गणित आमच्या सोलापुरात दरवर्षी कुणी ना कुणी मांडतंच. मग माझा फोन वाजायला लागतो. "मामा, तट्टू जागचं हलंना." "मामा, चाक वाजलं की लाथा झाडतंय." जाऊन बघावं तर तट्टू घामानं निथळतंय, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय आणि मालक चाबूक धरून शेजारी उभा. अडेल तट्टू म्हणून मोकळं व्हायला सगळे तयार, पण ते कशानं अडलंय हे कुणी बघत नाही.

माझे वडील सोलापूर स्टेशनवर टांगा हाकायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकलो आणि गेली तीस वर्षं नवी तट्टं गाडीला लावून देतोय. या काळात रस्ते, गाड्या, आवाज सगळं बदललं. चुका मात्र त्याच आहेत, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली चूक तट्टू टेम्पोतून उतरतानाच होते. ओवाळणं, हळदकुंकू, फोटो, अख्ख्या गल्लीची पोरं भोवती, आणि हे झालं की नव्या तट्टाला थेट जुन्या घोड्याच्या शेजारी बांधायचं, एकाच टाकीतलं पाणी पाजायचं. बाजारात शंभर ठिकाणची जनावरं एकत्र आलेली असतात. त्यात एखाद्याला शेंबा, म्हणजे ग्लँडर्स असेल तर तो तुमच्या दावणीला येतो आणि तिथून माणसालाही होऊ शकतो. मी नवं जनावर एकवीस दिवस वेगळं ठेवतो. बादली वेगळी, अंग घासायचा खराराही वेगळा. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात सांगून रक्त तपासून घेतो आणि धनुर्वाताची लस टोचून घेतो, कारण धनुर्वात घोड्याला फार लवकर धरतो आणि नाल ठोकायच्या खिळ्याची जखमही त्याला पुरते. हे एकवीस दिवस वाया जात नाहीत. तेवढ्यात तट्टू तुमचा आवाज ओळखायला लागतं. रोज सकाळी त्याच वेळी जा, खरारा करा, चारही खूर हातात घेऊन खाली ठेवा, बास. कामाचं नाव काढू नका.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण यात जनावर जीवानिशी जातं. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं नकोसं झालं तरी ते पुढंच सरकवावं लागतं. त्यात त्याचा चारा पचवणारे जंतू मोठ्या आतड्यात असतात आणि त्यांना एका चाऱ्याची सवय लागलेली असते. हिरव्या गवतावर वाढलेलं तट्टू इथं आणलं, दुसऱ्या दिवसापासून मंगळवेढ्याचा कडबा आणि वर कौतुकानं दोन किलो भरडा हरभरा सुरू केला, की तिसऱ्या-चौथ्या रात्री ते पोटाकडं वळून बघायला लागतं, पाय आपटतं, लोळतं. तो पोटशूळ. मी विकणाऱ्याकडून त्याच्याच चाऱ्याची दोन पोती मागून घेतो. पैसे मागितले तर देतो. मग आठ-दहा दिवसांत तीन भाग जुना आणि एक भाग नवा, पुढं निम्मं-निम्मं, असं करत कडब्यावर आणतो. चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, तर काम सुरू होईपर्यंत मूठभरच. उभ्या घोड्याला भरपूर चंदी म्हणजे त्याच्या अंगात नसता माज आणि पोटात दुखणं.

आपल्याकडं उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून भारे टाकणारेही पुष्कळ आहेत. वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. महिनोन्‌महिने तेच खाऊ घातलं तर घोड्याची हाडं ठिसूळ होतात. कधीतरी चार कांड्या चालतील, पण तो रोजचा चारा नव्हे. ज्वारीचा कोवळा पाला अजिबात नको. गाईम्हशींचं पोत्यातलं खाद्यही घोड्यापुढं ठेवू नका. त्यातल्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते गाईला चालतं, घोड्याचं मात्र काळीज बंद पाडतं.

वय बघायचं ते दातावर, विकणाऱ्याच्या तोंडावर नाही. अडीच वर्षांच्या आसपास मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. मी तिसऱ्या वर्षी हातानं चालवायला सुरू करतो आणि चौथं सरेपर्यंत भरल्या गाडीला लावत नाही. "अंगानं मोठं दिसतंय की ओ" हे कारण मला सांगू नका. अंग आधी भरतं, सांधे मागून भरतात.

"गाडीला लावलेलं आहे" हे बाजारातलं वाक्य तर मी ऐकलं न ऐकलं करतो. खरं असेल तर पहिल्यापासून शिकवताना ते पंधरा दिवसांत कळतंच. खोटं असेल तर तेच पंधरा दिवस तुमचे हातपाय वाचवतात.

आता ज्या चुकीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती चूक. गाडीत जुंपलेल्या घोड्याच्या तोंडाचा साज, म्हणजे तोंडातली कडी, लगाम आणि डोळ्यांशेजारची झापडं, कधीही, कोणत्याही कारणानं, एका मिनिटासाठीसुद्धा उतरवायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडं सावळी नावाची घोडी होती. चार वर्षं पुरी झालेली, भीमथडी जातीची, अंगानं आटोपशीर आणि पायानं चिवट. टांग्याला लावून दीड महिना झाला होता. पहाटे विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत जाऊन यायची, एकदाही बुजली नव्हती. वैशाखातल्या एका सकाळी यायला उशीर झाला. साडेनऊला अंगणात आलो तेव्हा ऊन तापलं होतं. मी उतरलो, लगाम दांड्याला गुंडाळला आणि तिला पाणी आणायला आत गेलो. तिथं माझं चुकलं, लगाम हातातून सोडायला नको होता. भाचा शेजारी होता, तेव्हा तो सतरा वर्षांचा. घोडी घामेजलीय, तिला जरा मोकळं वाटू दे, म्हणून त्यानं मायेनंच तिच्या तोंडाचा साज काढला. ती अजून टांग्याच्या दांड्यांतच, म्हणजे जुंपलेलीच होती.

मी बादली घेऊन वळलो तेव्हा झापडं तिच्या गालावरून खाली घसरताना दिसली. सावळीनं मान किंचित फिरवली. दीड महिना जे तिला फक्त ऐकू येत होतं ते पहिल्यांदा दिसलं, तिच्या पाठीएवढं उंच चाक, अंगाला चिकटून उभं. ती दचकून एक पाऊल पुढं सरली. चाकही एक पाऊल पुढं आलं. ती दोन पावलं पळाली, तर तेही दोन पावलं मागं. मग ती चौखूर सुटली. तिला आवरायला तोंडात लगाम नाही आणि डोक्याला धरायला म्होरकीही नाही. फाटकाबाहेरच्या लिंबाला टांगा अडकला, डावा दांडा मधोमध मोडला आणि त्याची ढलपी तिच्या मांडीत बोटभर शिरली. भाचा वेळेत बाजूला झाला म्हणून वाचला. डॉक्टरांनी टाके घातले, जखम महिन्यात भरली. पण पुढं पाच महिने दांड्याचा नुसता खडखडाट ऐकला की तिचं अंग थरथरायचं. मला तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकवावं लागलं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी सोडली तर त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं. मागून काही येतंय असं दिसलं की पळायचं, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक असतं. आणि आपण त्याच्या मागं जी वस्तू बांधतो ती तो जितका पळेल तितकी त्याच्या मागं पळते. झापडांनी ही वस्तू लपते, तिची भीती जात नाही. म्हणून मी आता सुरुवातीला झापडं लावतच नाही. आधी रिकामा टांगा दोन माणसांनी ओढत तट्टाच्या पुढून न्यायचा आणि तट्टानं त्याच्या मागून चालायचं. ज्याच्या मागून आपण चालतो त्याची भीती लवकर मरते. मग टांगा त्याच्या बाजूनं. मग मागून, पण लांबून. ते मान वळवून बघेल, कान मागं टाकेल, तर बघू द्यावं. एक कान टांग्याकडं आणि दुसरा तुमच्याकडं असा झाला म्हणजे ते विचार करतंय. दोन्ही कान मानेला चिकटले तर तिथंच थांबा आणि उद्या पुन्हा तेवढंच करा.

सोडताना माझा क्रम ठरलेला आहे. एक माणूस तोंडाशी, लगाम माझ्या हातात. आधी ढुंगणावरचा पट्टा सोडायचा, मग ओढीचे पट्टे, मग दांडे. गाडी दहा पावलं मागं सरकली की मगच तोंडाला हात लावायचा. जुंपताना याच्या उलट, तोंडाचा साज सगळ्यात आधी. घरातल्या पोरांना हे पाढ्यांसारखं म्हणायला लावा. भाचा आज स्वतः तट्टं शिकवतो आणि त्याच्या अंगणात हा क्रम कुणी मोडू शकत नाही.

गाडीआधी मागून चालवणं हवंच. दोन लांब दोऱ्या लगामाच्या कड्यांना, त्या पाठीवरच्या गादीच्या बाजूंनी मागं आणायच्या आणि आपण चार-पाच हात मागं चालायचं. वळणं, थांबणं, उभं राहणं सगळं इथंच शिकवायचं. मी यात पाच आठवडे घालतो. उभं राहणं सर्वांत जास्त शिकवतो, कारण सात रस्त्याच्या सिग्नलला पळणारं नाही, उभं राहणारं तट्टू कामाचं. मग जुना टायर. तो आधी मी दोरीनं ओढत त्याच्या शेजारून नेतो. खडखड त्याच्या कानाला सवयीची झाली की मगच ओढीला बांधतो. मोबाइलवर सात दिवसांत घोडा गाडीला लावणारे व्हिडिओ बघून माझ्याकडं येणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, त्या घोड्याचा आठवा दिवस कुणी दाखवला का?

काटेरी कडी तोंडात घालू नका. घाईवर काढलेला तो सगळ्यात वाईट उतारा आहे आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी त्यावर बंदी आहे. तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे. सोलापुरात फेब्रुवारी सरल्यावर मी नवं तट्टू सकाळी नऊनंतर रस्त्यावर काढत नाही. डांबर पायाखाली किती तापतं ते स्वतःचा तळहात टेकवून बघा.

नाल दीड महिन्याला बदला, झिजायची वाट बघू नका.

टांग्याचा तोल बघा. हाकणारा जागेवर बसल्यावर दांडा हातानं उचलून बघायचा, अलगद उचलला गेला पाहिजे. पुढं जड असेल तर सगळं ओझं पाठीवर येतं. मागं जास्त माणसं बसली तर टांगा उलाळ होतो, म्हणजे मागं कलतो, आणि पोटाखालचा पट्टा तट्टाला वर ओढतो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पहिल्या वर्षी तट्टू होम मैदानाकडं नेऊच नका. पाळण्यांचे भोंगे, माणसांचा लोंढा, पिपाण्या, हे नवशिक्या जनावराचं काम नव्हे. वरातीचंही तसंच. मी आधी लांबून बँड ऐकवतो, तट्टू खात असताना. फटाक्यांच्या माळेजवळ तर शिकलेलं तट्टूसुद्धा नेत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे आगाऊ रक्कम घ्यायच्या आधी सांगतो.

आणि तट्टू अडलंच तर? चाबूक खाली ठेवा आणि उतरा. खुरात खडा आहे का बघा. तोंडाच्या कोपऱ्यात कडीनं चिरलंय का बघा. मग वरच्या क्रमानं गाडीतून सोडा, गाडी मागं सरकली की साज उतरवा आणि अंगावरून उघडा हात फिरवा.

गेल्या पौषात अक्कलकोट रोडच्या एका मालकानं मला बोलावलं. त्याचं पांढरं तट्टू सपाटीला चालायचं, चढ आला की थांबायचं. तीन माणसांनी मारून झालं होतं. मी गादी काढली आणि खालून बोट फिरवलं. अस्तर फाटलेलं होतं आणि बकलाची गंजलेली जीभ त्यातून आत आली होती. चढाला गादी मागं सरकायची आणि ती जीभ बरोबर एकाच जागी टोचायची. पाठीवर रुपयाएवढा घाव होता, केसांत झाकलेला. बकल बदललं, गादीचं अस्तर नवं शिवून घेतलं. घाव भरायला अठरा दिवस लागले. त्यानंतर तो चढ ते तट्टू न सांगता चढलं.