देशोदेशीच्या गोवेकरांना एकत्र बसवून वाद घालायचा असेल तर

मी गोव्यात माशेलला राहते आणि महिन्यातल्या एका रविवारी जगभरच्या गोवेकरांना व्हिडिओ कॉलवर जमवते. लिस्बन, इंग्लंडमधले स्विंडन, मस्कत, टोरांटो, शिवाय इथले फोंडा, म्हापसा, मडगाव. विषय नेमके तेच, जे लग्नाच्या पंगतीत निघाले तर वडीलधारी माणसे डोळे वटारतात: भाषा, १९६१ ची मुक्ती, पोर्तुगीज पासपोर्ट, जमिनी. हे वाद व्हायलाच हवेत असे मला मनापासून वाटते. टाळले की माणसे पाठीमागे बोलतात, आणि मुलांच्या वाट्याला कारण न कळता नुसता राग येतो. तुमच्या गटात असे काही करायचे असेल तर एवढे पाहा.

वेळेचे आधी बघा. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे लिस्बनला आणि इंग्लंडमध्ये दुपारचे तीन, मस्कतला संध्याकाळचे सात, टोरांटोला सकाळचे दहा. सगळ्यांना जमते. ज्याला ज्या भाषेत सुचते त्या भाषेत बोलू द्या. एकजण थोडक्यात अर्थ सांगतो.

खरे काम प्रश्न ठरवण्यात आहे. ‘भाषावाद’ हा विषय घेऊच नका, त्यात कोणीही कुठूनही शिरतो. ‘गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात दुरुस्ती करून मराठीला राजभाषा करावी का?’ एवढाच प्रश्न घ्या. कायद्याची कलमे आठवडाभर आधी पाठवा आणि बैठक सुरू होताना मोठ्याने वाचा. राजभाषा कोकणी, कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी, आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल. एवढे कानावर पडले की ‘मराठीला कायद्यात जागाच नाही’ म्हणणारा थांबतो. ‘रोमीवाले उगाच ओरडतात’ म्हणणाराही थांबतो, कारण रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, त्यात नाही हे त्याने आत्ताच ऐकलेले असते.

मग चर्चा चालवणाऱ्याने आपली बाजू उघड सांगावी. मी मराठीची. आमच्या घरी बोलणे कोकणीत, पण आरत्या, भजने, पहिलीचे पुस्तक, वडिलांची पत्रे, सगळे मराठीत. हे सांगून टाकायचे आणि पहिली वेळ समोरच्या बाजूला द्यायची. तटस्थपणाचा आव आणला की दोन्ही बाजूंना संशय येतो.

मतांच्या आधी प्रत्येकाने स्वतःच्या घरातले एक काहीतरी सांगायचे, हा आमचा नियम. मूळच्या म्हापशाच्या, आता स्विंडनला असलेल्या एका बायने आईचे प्रार्थनेचे पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरले. रोमी लिपी, पाने तपकिरी झालेली, पुठ्ठ्याला दोऱ्याची शिवण. तिने त्यातली चार वाक्ये वाचली आणि म्हणाली, “देवनागरी मी अक्षर अक्षर लावून वाचते. मग कायद्यातली कोकणी माझी कशी?” त्यावर सत्तरीतले एक निवृत्त मास्तर बोलले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तशीच एक त्यांच्या गावात आली, आणि त्यांच्या घराण्यात वाचायला शिकलेले ते पहिले. शेवटपर्यंत दोघांचीही मते बदलली नाहीत. पण त्या दिवशी कोणी कोणाला भाषेचा वैरी म्हटले नाही, आणि मला तेवढे हवे होते.

१९६१ वर बोलताना ‘काय घडले’ आणि ‘बरोबर की चूक’ हे दोन भाग वेगळे ठेवा. पहिल्या भागात फक्त तारखा आणि कागद. १८ जून १९४६ ला लोहियांची मडगावची सभा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त. भारताने सैन्य मागे घ्यावे या सुरक्षा परिषदेतल्या ठरावावर सोव्हिएत संघाचा नकाराधिकार. १९७४ मध्ये लिस्बनला हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करारावर सही करून भारताची सत्ता मान्य केली. हा शेवटचा मुद्दा आवर्जून सांगा. लिस्बनला वाढलेल्या तरुणांना तो बहुधा ठाऊक नसतो. दुसऱ्या भागात आठवणी येतात. कोणाचे वडील आग्वादच्या तुरुंगात होते, कोणाचे काका पोर्तुगीज कचेरीत कारकून होते. एका आठवणीला लगेच दुसऱ्या आठवणीने उत्तर द्यायचे नाही. मध्ये कोणीतरी तिसऱ्याने बोलायचे.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाला आकडे समोर हवेतच. विलीनीकरणाच्या विरोधात, म्हणजे दोन पाने या चिन्हाला, १,७२,१९१ मते. बाजूने, म्हणजे फूल या चिन्हाला, १,३८,१७०. फुलाला मत देणाऱ्यांना गोव्याचे शत्रू म्हणायचे असेल तर एवढ्या शेजाऱ्यांना म्हणावे लागेल.

पासपोर्टचा विषय सर्वांत जपून. कोणी का घेतला हे विचारायचे नाही. त्यामागे कर्ज असते, मुलांचे शिक्षण असते. नियमांवर बोला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग आहे. आपल्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते ओसीआय कार्ड असले तरी मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून माझे ठाम मत असे: इतिहासावर, भाषेवर, सणावारावर जगातल्या कुठल्याही गोवेकराने बरोबरीने बोलावे, पण गावच्या डोंगराचे बांधकामाच्या जमिनीत रूपांतर, पंचायतीचा ठराव यांवर आधी बोलायचे ते ज्यांच्या विहिरीचे पाणी त्यामुळे आटते त्यांनी. परदेशातल्या काहींना हे लागते. मी तरी हा क्रम बदलत नाही.

आवाज चढला तर माइक बंद करू नका, अपमान वर्षभर राहतो. त्या माणसाला नावाने हाक मारा, “बाब, तुमचा मुद्दा एका वाक्यात सांगा, मी लिहून घेते,” म्हणा आणि खरेच लिहा. शेवटी मत मोजू नका. टिपण दोन दिवसांत सगळ्यांना पाठवा, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, आणि दुरुस्त्या मागवा. आणि त्या दिवशी जो सर्वांत कमी बोलला असेल, पुढचा प्रश्न त्याला निवडू द्या.