अवकाश स्थानकाचे फोटो शार्प करताय? या चुका टाळा

गेल्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा फोटो शार्प करून मी मोठ्या कौतुकानं शेजारच्या काकांना दाखवला. सौर पंखांवर बारीक चौकटी उमटल्या होत्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्याजवळ नेला. "काहून रे बाबू, हे टोपल्यावानी वीण खरंच हाये, का तूच काढली?"

मीच काढली होती. फोटो मोबाईलच्या व्हिडिओतून काढलेला. असा व्हिडिओ साठवताना दाबला जातो, त्यात पिक्सेलचे चौकोनी ठोकळे पडतात. एरवी ते दिसत नाहीत, शार्पनिंग त्यांना वर आणतं. तेव्हापासून मी दुर्बिणीला साधा प्लॅनेटरी कॅमेरा (ग्रहांचे व्हिडिओ घेणारा) लावतो आणि न दाबलेली एसईआर प्रकारची व्हिडिओ फाइल घेतो.

तशीही ती वीण दिसणं शक्यच नव्हतं. माझी दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण. बारकावे दाखवण्याची तिची मर्यादा सुमारे ०.५८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे ४०० किलोमीटरवर जेमतेम एक मीटर. हवा २ आर्कसेकंदांनी थरथरत असेल तर चार मीटर. स्थानकाचा एकेक सौर पंख साधारण ३५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. पंख दिसेल, त्यावरचे सेल नाही. हा हिशोब आधी करायचा, स्लायडरला हात नंतर लावायचा.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक मात्र कॉम्प्युटरवर होतच नाही, ती स्लॅबवर होते. दिवसभर ४४ अंशांत भाजलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा टाकत राहतो. स्थानक तर दिसतं सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयाआधीच्या तास-दोन तासांत, कारण खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन असावं लागतं. म्हणजे संध्याकाळी ते नेमकं स्लॅब तापलेला असताना येतं. पहाटेची फेरी धरा. दुर्बीण सारवलेल्या अंगणात किंवा वावरात मांडा आणि आरसा निवायला तासभर आधी बाहेर काढा. टिनाच्या छपरावरून नेम धरू नका. धुऱ्यावर कोणी पऱ्हाट्या पेटवल्या असतील तर त्या दिशेचा नादच सोडा.

दोष कुठला हे ओळखायला एक तेजस्वी तारा फोकसबाहेर न्या. चकतीत धूर निघाल्यासारखी संथ वलयं उठत असतील तर नळीच गरम आहे, अजून थांबा. चकतीवरून पाणी झरझर वाहतंय असं वाटलं तर वरचा वारा. त्याला इलाज नाही, झोपायला जा.

डोक्यावरून जाताना स्थानक सेकंदाला एक अंशापेक्षा जास्त सरकतं. दुर्बीण स्थिर असेल तर एक मिलिसेकंदात सुमारे ४ आर्कसेकंदांचा फराटा येतो. हातानं पाठलाग करा आणि एक्स्पोजर १/१००० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. फोकस आधी ताऱ्यावर लावून घ्या. धावपळीत मी दोनदा तो हलवला आहे, म्हणून आता नॉबला चिकटपट्टी लावतो.

ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम एकत्र करणाऱ्या (स्टॅक करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या फेरीच्या फ्रेम एकत्र करणं हीही चूकच. काही सेकंदांत स्थानकाकडे बघण्याचा आपला कोन बदलतो, कडा दुहेरी होतात. एखाद-दुसऱ्या सेकंदातल्या निवडक चांगल्या फ्रेम पुरतात. मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधले वेव्हलेट, म्हणजे लहान-मोठे बारकावे वेगवेगळे उठवणारे स्लायडर, थोडे थोडे वाढवा. उजळ भागाभोवती काळी कड आली की मागे फिरा. डीकॉन्व्होल्यूशनमध्ये, म्हणजे धूसरपणा हिशोबानं उलटा काढण्याच्या पद्धतीत, धूसरपणाचा आकार चुकीचा धरला तरी हीच कड येते. रिचर्डसन (१९७२) आणि ल्यूसी (१९७४) यांची पद्धत चांगली आहे, पण तिला ताऱ्याचा ठिपका त्या रात्री किती फुगला होता ते सांगावं लागतं. एक बाजू लाल आणि दुसरी निळी दिसली तर वस्तू क्षितिजाजवळ होती. तीस अंशांखालच्या फ्रेम टाकून द्या.

लघुग्रहांच्या बाबतीत हात आणखी आखडता ठेवा. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, तरी तो जेमतेम २ आर्कसेकंदांचा असेल. शार्प करून त्याचा बटाटा झाला तर तो बटाटा सॉफ्टवेअरच्या वावरातला समजा. एआयवाल्या शार्पनिंगबद्दल माझं मत याहून वाईट आहे.

शंका आली की फ्रेमचे दोन गट करा, सम एका बाजूला, विषम दुसऱ्या. दोन्ही वेगवेगळे स्टॅक करून सारखेच शार्प करा. जी रेघ एकाच चित्रात आहे ती पुसून टाका. काकांना आता मी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी दाखवतो.