युरोपात कार्टेलविरुद्ध भरपाई मागताय? कोर्ट निवडताना या चुका टाळा

मार्च २००९ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या जिल्हा न्यायालयात हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणाऱ्या सहा रसायन कंपन्यांवर भरपाईचा दावा दाखल झाला. कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवले होते, म्हणजे कार्टेल केलं होतं, हे युरोपीय आयोगाने ३ मे २००६ च्या निर्णयात आधीच नोंदवलं होतं. म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याचं सगळ्यात अवघड काम झालेलं होतं. तरीही 'हा दावा डॉर्टमुंडला चालू शकतो का' एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडून यायला २१ मे २०१५ उजाडला. ज्या खरेदीदारांनी जास्तीचे पैसे मोजले, त्यांची सहा वर्षं उंबरठ्यावर गेली.

या विषयावर लिहावंसं वाटतं ते यासाठीच. भरपाईचे दावे पुराव्याअभावी पडतात असा समज आहे. प्रत्यक्षात बरेचसे दावे त्याआधीच, अधिकारक्षेत्राच्या वादात दमून जातात, आणि लहान खरेदीदार तिथेच माघार घेतो. यातल्या बहुतेक चुका दावा लिहायला बसण्यापूर्वी टाळता येतात.

नियमांचा सांगाडा थोडक्यात असा. युरोपीय संघात दिवाणी दावा कुठल्या देशात चालेल हे ब्रसेल्स नियमावली, क्रमांक १२१५/२०१२, ठरवते. १० जानेवारी २०१५ पासून दाखल झालेल्या दाव्यांना ती लागू आहे. कलम ४ प्रमाणे प्रतिवादीच्या देशात दावा लावता येतो. कलम ७(२) प्रमाणे अपकृत्य, म्हणजे कराराबाहेरचं नुकसान करणारं बेकायदा कृत्य, जिथे घडलं किंवा त्याची झळ जिथे बसली तिथेही लावता येतो. कलम ८(१) प्रमाणे अनेक प्रतिवादींना त्यांपैकी एकाच्या गावी एकत्र ओढता येतं. आणि करारात कोर्ट ठरलेलं असेल तर कलम २५ आडवं येतं. हा हिशेब प्रत्येक प्रतिवादीसाठी आणि प्रत्येक वादीसाठी वेगळा करायचा असतो. चुकांचं मूळ बहुधा हा हिशेब एकदाच, सगळ्यांचा मिळून केला जातो यात असतं.

आयोगाचा निर्णय हाती आहे, आता कुठेही जाऊ

ट्रक कार्टेलचा निर्णय १९ जुलै २०१६ चा. १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं मोठ्या ट्रक उत्पादकांनी किमतींबाबत संधान बांधलं होतं आणि दंड झाला सुमारे २.९३ अब्ज युरोचा. असा निर्णय प्रत्येक सदस्य देशातल्या कोर्टावर बंधनकारक असतो. उल्लंघन झालं की नाही हा प्रश्न पुन्हा उघडता येत नाही. पण भरपाईचा दावा कुठे लावायचा याबद्दल त्या निर्णयात एक अक्षरही नसतं. निर्णय जबाबदारीचा पाया देतो, कोर्ट देत नाही.

ट्रक डीलरकडून घेतला, मग आपल्या देशात दावा कसा?

ही चूक उलट्या बाजूची आहे, आणि ती घाबरण्यातून होते. हंगेरीच्या टिबॉर-ट्रान्स या वाहतूक कंपनीने नेदरलँड्सच्या डाफ या ट्रक उत्पादकाकडून थेट एकही ट्रक घेतला नव्हता. हंगेरीतल्या डीलरांमार्फत, लीजिंग कंपन्यांच्या पैशावर खरेदी झाली होती. डाफचं म्हणणं असं, की आमचा तुमचा संबंधच नाही आणि आमच्या बैठकाही हंगेरीत झाल्या नाहीत. २९ जुलै २०१९ ला युरोपीय न्यायालयाने हे अमान्य केलं. डीलरने वाढीव किंमत पुढे ढकलली, ती हंगेरीच्या बाजारात ग्राहकाच्या माथी बसली, म्हणून झळ हंगेरीतच बसली. जो बाजार उल्लंघनाने नासला, तिथलं कोर्ट.

देश ठरला तरी काम संपत नाही. कलम ७(२) देशाबरोबर गावही ठरवतं. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या एका कंपनीने पाच व्होल्वो ट्रक घेतले आणि दावा लावला माद्रिदला. १५ जुलै २०२१ च्या निकालात सूत्र आलं: माल जिथे विकत घेतला तिथलं कोर्ट; खरेदी वेगवेगळ्या ठिकाणी झाली असेल तर खरेदीदाराच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणचं कोर्ट. सदस्य देशाने अशा दाव्यांसाठी खास न्यायालय नेमलं असेल तर मात्र तिकडेच जावं लागतं. तेव्हा राजधानीतलं कोर्ट सोयीचं म्हणून तिथे धावू नका. आधी बिलं काढा, प्रत्येक बिलावरचं ठिकाण पाहा, आणि त्या देशाने स्पर्धा कायद्याचे दावे एखाद्या ठरावीक कोर्टाकडे सोपवलेत का ते तपासा.

ऑनलाइन खरेदीत 'कुठे घेतलं' हा प्रश्नच निसटतो. ॲप स्टोअरच्या कमिशनविरुद्ध डच ग्राहकांच्या वतीने झालेल्या सामूहिक दाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने वाट मोकळी केली. प्लॅटफॉर्म साऱ्या देशासाठी असेल, तर असा दावा ऐकण्याचा अधिकार असलेलं त्या देशातलं कुठलंही कोर्ट सगळ्या ग्राहकांचं मिळून ऐकू शकतं.

'समूह एकच आहे ना?'

सर्वात महागात पडणारी चूक ही, आणि चांगल्या वकिलांकडूनही ती होते, कारण स्पर्धा कायदा स्वतःच त्यांना तिकडे नेतो. या कायद्यात 'उपक्रम' म्हणजे एक आर्थिक घटक. मूळ कंपनी आणि उपकंपनी कायद्याने वेगळ्या असल्या तरी जबाबदारीसाठी एक. ६ ऑक्टोबर २०२१ च्या सुमाल निकालाने तर मूळ कंपनीच्या उल्लंघनासाठी ठरावीक परिस्थितीत उपकंपनीवरही दावा लावण्याची मुभा दिली. मग हाच धागा अधिकारक्षेत्रातही ओढायचा मोह होतो. तो कुठे चालतो आणि कुठे तुटतो हे नीट पाहायला हवं.

मोल हा हंगेरीचा तेल-वायू समूह. त्याच्या वेगवेगळ्या देशांतल्या उपकंपन्यांनी मिळून ७१ ट्रक विकत किंवा लीजवर घेतले. मूळ कंपनीने बुडापेस्टला दावा लावला: आम्ही एकच आर्थिक घटक, तेव्हा नुकसान अखेर आमच्या मुख्यालयात झालं. ४ जुलै २०२४ ला उत्तर आलं: नाही. नुकसान फक्त उपकंपन्यांना झालं असेल तर मूळ कंपनीचं कार्यालय हे 'झळ बसल्याचं ठिकाण' होत नाही. आर्थिक घटकाची कल्पना जबाबदारी कुणाची हे ठरवण्यासाठी आहे; वादीला कोर्ट स्वतःच्या अंगणात आणण्यासाठी नाही. मला हा निकाल कठोर वाटतो, पण बरोबरही वाटतो. समूहाचं मुख्यालय कुठे असेल हे ट्रक विकणाऱ्याला आधी कळण्याचा मार्गच नसतो.

पुढच्याच आठवड्यात, ११ जुलै २०२४ ला, दुसरा धडा. स्पेनच्या ट्रान्ससाकी कंपनीने स्वीडनच्या एबी व्होल्वोवर दावा लावला आणि समन्स बजावणीसाठी पत्ता दिला व्होल्वोच्या स्पॅनिश उपकंपनीचा. भाषांतराचा खर्च आणि वेळ वाचणार होता. उपकंपनीने कागद घेतले नाहीत, खटला पुढे सरकला, एकतर्फी हुकूमनामा झाला. आणि मग तोच हुकूमनामा धोक्यात आला, कारण युरोपीय न्यायालयाने सांगितलं की उपकंपनीच्या दारात दिलेली नोटीस मूळ कंपनीवर बजावली गेली असं धरता येत नाही. ज्याच्यावर दावा आहे त्याला त्याच्या देशात, रीतसर, भाषांतरासकट नोटीस पोचलीच पाहिजे. काही हजार युरो वाचवायला गेल्यावर अख्खा निकाल हातचा जातो.

आता तो धागा चालतो कुठे? प्रतिवादी एकत्र आणण्यात. ग्रीसमधल्या अथेनियन ब्रुअरीने बिअरच्या बाजारात वर्चस्वाचा गैरवापर केला असा निर्णय २०१४ मध्ये ग्रीक स्पर्धा आयोगाने दिला. तिचे ९८.८ टक्के समभाग अप्रत्यक्षपणे डच कंपनी हायनेकनकडे होते. ग्रीसच्याच एका प्रतिस्पर्धी ब्रुअरीने ॲमस्टरडॅमला दोघांवर दावा लावला. आधार होता हायनेकनचं तिथलं कार्यालय. १३ फेब्रुवारी २०२५ च्या निकालानुसार, मूळ कंपनीकडे सगळे किंवा जवळपास सगळे समभाग असतील तर उपकंपनीवर तिचा निर्णायक प्रभाव होता हे गृहीतक अधिकारक्षेत्र ठरवतानाही वापरता येतं. प्रतिवादींना ते खोडायची संधी मात्र द्यावी लागते. म्हणून प्रतिवादींची यादी करताना समभागांची टक्केवारी आणि काळ यांचे कागद पहिल्या दिवसापासून जोडा.

कलम ८(१) मध्ये आणखी एक खाच आहे. ते फक्त सदस्य देशांत अधिवास असलेल्या प्रतिवादींना लागू होतं. कार्टेलमध्ये जपानी किंवा अमेरिकन कंपनी असेल तर तिला या कलमाने ओढता येत नाही. तिथे, दावा ज्या देशात लावला त्या देशाचा स्वतःचा दिवाणी कायदा पाहावा लागतो. आणि ज्याच्या आधारावर बाकीच्यांना आणलं, त्याच्याशी पुढे तडजोड झाली तर? डॉर्टमुंडला नेमकं हेच घडलं. जर्मन कंपनीशी तडजोड झाली, तिच्यावरचा दावा मागे घेतला, उरलेल्यांनी लगेच हरकत घेतली. न्यायालय म्हणालं, बाकीच्यांवरचं अधिकारक्षेत्र टिकतं, पण दावा दाखल होतानाच वादी आणि त्या जर्मन कंपनीचं साटंलोटं होतं असा पुरावा निघाला तर टिकत नाही. तेव्हा तडजोडीची बोलणी कधी सुरू झाली याच्या तारखा जपून ठेवा.

करारातल्या कोर्टाच्या कलमाकडे दुर्लक्ष

'या करारातून उद्भवणारे सर्व वाद अमुक कोर्टात' असं सरसकट वाक्य गुप्त कार्टेलच्या भरपाईला लागू होत नाही. सही करताना खरेदीदाराला कार्टेलचा पत्ताच नव्हता, मग त्या वादासाठी त्याने कोर्ट कबूल केलं असं म्हणता येत नाही. हेही डॉर्टमुंडच्याच खटल्यात ठरलं. स्पर्धा कायद्याच्या जबाबदारीचा स्पष्ट उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी. इथपर्यंत वाचून अनेकजण निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. वर्चस्वाच्या गैरवापराचं गणित निराळं आहे. ॲपल आणि तिच्या फ्रेंच वितरकाच्या प्रकरणात, २४ ऑक्टोबर २०१८ ला, आयर्लंडच्या कोर्टाचं कलम लागू होऊ शकतं असं ठरलं. स्पर्धा कायद्याचं नावही त्यात नव्हतं. कारण हा गैरवापर त्या कराराच्या व्यवहारातूनच घडलेला असू शकतो.

करार आणि अपकृत्य यांतली सीमारेषा दाखवणारं प्रकरण जर्मनीतल्या विकिंगरहोफ हॉटेलचं. त्याने बुकिंग डॉट कॉमच्या अटींविरुद्ध कीलच्या कोर्टात धाव घेतली. २४ नोव्हेंबर २०२० ची कसोटी अशी: वर्तन बेकायदा होतं का हे ठरवायला कराराचा अर्थ लावणं अपरिहार्य आहे का? नसेल, तर दावा अपकृत्याचा. त्यामुळे वादपत्रात प्रत्येक मागणी कायद्याच्या कर्तव्यावर उभी आहे हे दिसलं पाहिजे. 'कराराचा भंग' हे शब्द सवयीने घुसवले की मार्ग बदलतो.

दावे विकत घेतले की कोर्टही मिळतं, हा गैरसमज

हक्क सोपवले तरी कलम ७(२) खालचं कोर्ट बदलत नाही. शंभर खरेदीदारांचे दावे एका संस्थेने गोळा केले, तरी प्रत्येक दाव्याचं ठिकाण मूळ खरेदीदारावरून ठरतं. एकत्र चालवायचे असतील तर कलम ४ किंवा ८(१) चा रस्ता धरा. ट्रक कार्टेलमधल्या मर्सिडीज-बेंझ ग्रुपवर जर्मनीत दावा लावला तर झळ कुठे बसली हा वाद अधिकारक्षेत्रापुरता उरतच नाही. कुठला कायदा लागू होईल हा मात्र अगदी स्वतंत्र प्रश्न. तो रोम-२ नियमावलीच्या कलम ६(३) चा.

इथे महाराष्ट्रातल्या कंपन्यांना एक गोष्ट सांगायची आहे. चाकण-पिंपरीच्या वाहन-सुटेभाग उद्योगातल्या काही कंपन्यांच्या युरोपात उपकंपन्या आहेत. वादी भारतीय असणं हा अडथळा नाही. ब्रसेल्स नियमावलीला प्रतिवादीचा अधिवास महत्त्वाचा, हे २००० सालीच स्पष्ट झालं. पण माल पोलंडच्या उपकंपनीने घेतला असेल तर पुण्याच्या मुख्यालयाच्या नावाने दावा मांडू नका. मोलचीच गत होईल. आपल्याकडे स्पर्धा अधिनियमाच्या कलम ५३एन खाली भरपाईचा अर्ज थेट राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे जातो, म्हणून कोर्ट निवडण्याची सवयच आपल्या विधी विभागांना नसते.

लंडनची जुनी सवय

एके काळी कार्टेलचे दावे लंडनला नेणं नेहमीचं होतं. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे दाखल झालेल्या दाव्यांना ब्रसेल्स नियमावली लागू नाही. १ जुलै २०२५ पासून युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यात एकमेकांचे निकाल मान्य करण्याचा २०१९ चा हेग निवाडा करार लागू झाला, पण स्पर्धा कायद्याची प्रकरणं त्यातून मुळात वगळलेली आहेत. अपवाद एवढाच, की प्रतिस्पर्ध्यांमधलं भाव ठरवण्यासारखं कट्टर कार्टेल असावं आणि ते वर्तन व त्याचा परिणाम दोन्ही निकाल देणाऱ्या देशातच घडलेले असावेत. लंडनचा निकाल युरोपात वसूल करायचा असेल तर हे आधी वाचा.

समोरचा आधी कोर्टात जातो तेव्हा

तुम्ही मागणीची नोटीस पाठवता, सहा महिने पत्रव्यवहार करता, आणि तेवढ्यात समोरची कंपनी दुसऱ्या देशात 'आम्ही काही देणं लागत नाही' असा नकारात्मक दावा लावते. २५ ऑक्टोबर २०१२ च्या फोलियन फिशर निकालाने असे दावेही अपकृत्याच्या कलमात बसवले, आणि तो वादही स्पर्धा कायद्याचाच होता. पक्ष आणि वादकारण तेच असेल तर कलम २९ प्रमाणे नंतरच्या कोर्टाला थांबावं लागतं. तेव्हा नोटीस पाठवायची त्या दिवशी वादपत्र तयार असू द्या. चुकीच्या कोर्टात गेलेल्या काळाचं काय होतं हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो. युरोपीय संघाच्या भरपाईविषयक निर्देशाने दावा लावायला किमान पाच वर्षांची मुदत दिली असली तरी अधिकारक्षेत्राच्या वादात ती पुरेलच असं नाही.

आणि तुम्ही प्रतिवादी असाल तर कलम २६ आधी उघडा. अधिकारक्षेत्राला हरकत न घेता हजर झालात की ते कोर्ट तुमच्यावर लागू झालं. हरकत पहिल्याच कैफियतीत यावी लागते. गुणदोषांवरचं उत्तर तिच्या सोबत, 'हरकत फेटाळली गेली तर' या पोटी दिलं तर चालतं. तिच्या आधी दिलं तर हरकत संपली.