किरणाकृतीवरून भिंगाचे विशालन कसे काढावे

दहावीची बरीच मुले आधी सूत्रात आकडे घालून विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट आहे ते, काढतात आणि आकृती मागाहून, शोभेपुरती जोडतात. एकदा उलट करून बघा. आलेख कागद, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल एवढे पुरे.

बहिर्वक्र (मध्ये फुगीर) भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे समांतर आलेले किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचे अंतर, १० सेमी आहे. २ सेमी उंचीची वस्तू भिंगापासून १५ सेमीवर ठेवली आहे.

आधी प्रमाण ठरवा. आडवी ५ सेमी अंतरे कागदावर १ सेमी घ्या, उंची आहे तेवढीच ठेवा. दोन प्रमाणे वेगळी असली तरी बिघडत नाही.

मुख्य अक्ष, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणारी आडवी रेघ, आखा. भिंगाच्या जागी उभी रेघ मारा. फुगीर भिंग काढले की किरण नेमका कुठे वळवायचा, यातच घोळ होतो. दोन्ही बाजूंना २ सेमीवर नाभी आणि डावीकडे ३ सेमीवर वस्तूचा बाण.

बाणाच्या टोकापासून पहिला किरण अक्षाला समांतर न्या. भिंगापाशी वळून तो पलीकडच्या नाभीतून जाईल. दुसरा प्रकाशीय केंद्रातून, म्हणजे भिंगाच्या मध्यातून, सरळ, न वळता. दोघे उजवीकडे ६ सेमीवर, अक्षाखाली ४ सेमीवर भेटतात. पडताळ्यासाठी तिसरा किरण अलीकडच्या नाभीतून न्या. तो भिंगाच्या रेघेला अक्षाखाली ४ सेमीवर लागतो, म्हणून रेघ खाली तेवढी लांब हवी! तिथून तो अक्षाला समांतर जातो.

आता प्रतिमेच्या उंचीला वस्तूच्या उंचीने भागा. प्रतिमा उलटी, म्हणून उंची −४; उत्तर −४ ÷ २ = −२. प्रतिमेच्या अंतराला वस्तूच्या अंतराने भागले तरी तेच येते: प्रतिमा ६ × ५ = ३० सेमीवर, वस्तू डावीकडे म्हणून −१५, आणि ३० ÷ (−१५) = −२. केंद्रातून जाणाऱ्या किरणाने दोन्ही बाजूंना समरूप त्रिकोण होतात, त्यामुळे हे जुळतेच. आकृतीतून −१.९ आले तर पेन्सिलचे टोक बोथट आहे.

आता वस्तू ५ सेमीवर, म्हणजे कागदावर १ सेमीवर आणा. किरण उजवीकडे भेटत नाहीत. तुटक रेघांनी मागे वाढवले की वस्तूच्याच बाजूला, २ सेमीवर, ४ सेमी उंच सुलट प्रतिमा मिळते. विशालन +२. आकडा तोच, पण ही प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, भिंगातून डोळ्यानेच पाहावी लागते. उत्तरात चिन्ह गाळले तर तुम्ही यातली कोणती प्रतिमा काढली, हे तपासणाऱ्याला कळायचे कसे?